झाडाचा वाटा

रविवार, २ सप्टेंबर

चर्चमधून घरी येते तोच बेरिल दारात. हातात केक. बेरिल केक घेऊन आली की समजावं, बाई आपल्याला दुसरंच काहीतरी गिळायला लावणार.

चहा झाला, पावसापाण्याचं झालं, माझ्या गुडघ्याची चौकशी झाली. मग हळूच म्हणते, "डॉरिन, जानेवारीतल्या वॉसेलचं मंडळात बोलणं चाललं होतं. यंदा क्लिफ नाही. तेव्हा सायडर टॉन्टनच्या दुकानातून आणावी म्हणतो. तुला उगीच कशाला त्रास?"

मी म्हटलं, "दुकानातली? ते गोड फसफसतं पाणी म्हातारबाच्या मुळाशी ओतणार? दुधाची तहान ताकावर भागवायची तर निदान ते ताक तरी असू दे!"

"मग काय करायचं?"

"मी करते ना. क्लिफ करायचा तश्शीच."

बेरिलच्या तोंडावरचा रंगच उडाला. गहिवरली असणार बिचारी. केक तसाच ठेवून गेली.

क्लिफ, माझा नवरा, वसंतात गेला, बागेला मोहर यायच्या आत. चाळीसेक वर्षं सतरा जानेवारीच्या संध्याकाळी वॉसेलला अख्खा गाव आमच्या बागेत जमत आलाय. सगळ्यात जुनं सफरचंदाचं झाड म्हणजे म्हातारबा. त्याच्याभोवती गाणी म्हणायची, सायडरमध्ये, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसात, बुडवलेला भाजका पाव त्याच्या फांदीला खोचायचा, बंदुकीचे बार काढायचे, आणि सायडर मुळाशी ओतायची, म्हणजे पुढच्या वर्षी पीक भरघोस. दुसऱ्या गावांत झाडाच्या वाट्याला चार थेंब येतात. आमच्याकडे प्रत्येक जण एक घोट घेतो आणि उरलेला अख्खा कप म्हातारबाला देतो. एवढ्या मोठ्या मनाचं गाव साऱ्या सॉमरसेटमध्ये सापडायचं नाही. पाद्रीबाबांच्या तर घोट घेताच डोळ्यांत पाणी यायचं.

मला ती चव परत हवी आहे. घशाला धरणारी, कानशिलं तापवणारी. त्या संध्याकाळी कपात ती नसली तर क्लिफ दुसऱ्यांदा गेला असंच मी समजेन.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

कप्पाळ माझं! क्लिफचं लाकडी पिंप उन्हाळाभर कोरडं पडलं होतं. पिंप ओलं ठेवावं लागतं हे मला ठाऊक होतं, पण यंदा मी शेडचं दार उघडलंच नव्हतं. आज जरा हलवलं तर फळ्या सुटल्या, कड्या घरंगळल्या, सगळं पायाशी. तिथेच पालथ्या बादलीवर बसून रडले. मग गुडघा दुखायला लागला म्हणून उठले.

मागे फळीवर क्लिफच्या शेवटच्या सायडरची मातीची बुधली आहे. एकच. तिला हात लावणार नाही.

पेन्शनीत नवं पिंप बसत नाही. चर्चच्या जुन्या बाजारात कुणीतरी टाकलेल्या काचेच्या मोठ्या बरण्या मिळाल्या. आत कोळी मरून पडले होते, पण बरणी बरणी आहे. रस पिळायला बैठकीतले जाळीचे पडदे काढले. आता समोरच्यांना माझ्या घरातलं सगळं दिसेल. दिसू दे. बघण्यासारखं आहे काय!

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

डॅबिनेट सफरचंदांची झाडं हलवली. फळं गवतावर ढीग करून ठेवलीत. अंगठा दाबला की आत गेला पाहिजे, तोवर चरकात घालायची नाहीत. क्लिफ रोज सकाळी चहाचा कप घेऊन ढिगाशी जायचा आणि एकेकाला अंगठा लावून बघायचा. मला हाक मारायचा, "ये गं राणी, पोरं पिकली का बघ." आम्हाला पोरं झाली नाहीत. त्याची ही थट्टा पहिल्या वर्षी मला सहन झाली नव्हती. पुढे पुढे मीच विचारायला लागले, "पोरं काय म्हणतात?"

आज मी एकटीच अंगठा लावून आले. अजून कडक आहेत.

शनिवार, २७ ऑक्टोबर

मर्व्हिन आला. क्लिफचा धाकटा भाऊ. बायको गेल्यापासून एकटाच असतो, वरच्या रस्त्याला. तोंडाने फटकळ, हाताला गुण. मोटारीचा जॅक घेऊन आला आणि जुन्या पलंगाच्या लाकडांची चौकट करून तिच्यात जॅक बसवला. झाला चरक तयार.

मी बादलीत फळं कुटत होते. हातात कुंपणाचा खांब. मर्व्हिन म्हणतो, "डॉरिन, सफरचंदं कुटतेस की कुणाचा सूड घेतेयस?"

"तुझं तोंड आठवलं की जोर येतो."

"मग माझा फोटो आणून देतो, लवकर उरकेल."

चोथा पडद्यात गुंडाळायचा, घडी घालायची, वर फळी, पुन्हा चोथा, पुन्हा पडदा. असा थरावर थर रचला आणि जॅक फिरवला. रस आधी ठिबकला आणि मग नुसती धार लागली. तपकिरी, मधासारखा घट्ट वास. गांधीलमाश्या जमल्या. माझ्या लग्नानंतर घेतलेल्या पडद्यांतून माझ्या बागेचा रस येत होता. मी बोट बुडवून चाटलं आणि एकदम क्लिफच्या सदऱ्याचा वास आला. ऑक्टोबरभर त्याच्या बाह्या अशाच चिकट असायच्या आणि मी धुताना त्याला शिव्या घालायची.

खमीर बिमीर काही घातलं नाही. सालीवर असतं तेवढं पुरतं. मर्व्हिनने मात्र बरण्या उकळत्या पाण्याने घासून घेतल्या, काठोकाठ भरल्या आणि प्रत्येक बुचात पाणी भरलेली वाकडी नळी बसवली. आतली हवा बाहेर येते, बाहेरची आत जात नाही.

जाताना म्हणाला, "बूच काढायचं नाही."

"क्लिफ काढायचा."

"म्हणूनच सांगतोय," म्हणाला आणि जॅक उचलून चालता झाला. नेहमीचंच. अर्धं बोलायचं आणि पळायचं. त्याला थोरल्या भावाचा हेवा वाटायचा, हे मला पहिल्यापासून माहीत आहे.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

बोलायला लागली! सकाळी स्वयंपाकघरात आले तर नळ्यांमधून गुडुक, गुडुक. सगळ्या बरण्या एकदम. मी "अगंबाई!" म्हणून खुर्चीतच बसले.

पिंपात याहून छान ऐकू यायचं. रोज रात्रीचं जेवण झालं की क्लिफ पिंप आमच्या खुर्च्यांच्या मधोमध ओढायचा, बूच उपटायचा आणि दोघं दोन बाजूंनी कान लावून बसायचो. आत सरसर, फसफस, मधेच एखादा हुंदका. क्लिफ अर्थ लावायचा. "ऐक, बेरिलची कागाळी करतंय." "आता म्हणतंय डॉरिनने आज बटाटे जाळले." मला हसून हसून कळ यायची. फेब्रुवारीपर्यंत हा खेळ चालायचा. आत आवाज संपला तरी आम्ही बूच काढून बसायचोच. त्याचं नाक माझ्या नाकाला लागायचं.

आज दहा वेळा बुचाकडे हात गेला. काढलं नाही. काच फार पातळ आहे, कान लावला की गार लागते.

रविवार, १८ नोव्हेंबर

बेरिल पुन्हा. या खेपेला बिनकेकाची. "डॉरिन, सायडर करतेयस ते ठीक. पण कांद्यांचं काय गं?"

व्हिनेगरमध्ये मुरवलेले माझे कांदे गावात नावाजलेले आहेत. क्लिफची सायडर जरा उरली की मी त्यातच कांदे मुरवायची, वेगळं व्हिनेगर कधी विकत आणलंच नाही. चर्चच्या जत्रेत माझ्या बाटल्या सगळ्यांत आधी संपायच्या. मंडळी हात धुऊन कांद्यांच्या मागे, आणि सायडरच्या बाटलीला मात्र म्हणायची, "नको, एवढी चांगली वस्तू आमच्यावर कशाला वाया घालवतेस?" क्लिफला केवढं समाधान वाटायचं. "बघ राणी, लोकांना किंमत आहे."

बेरिलला म्हटलं, यंदा उरली तर करीन कांदे. ती हळहळत गेली. खादाड मेली.

शनिवार, ८ डिसेंबर

सत्यानाश झाला.

आज गाळ खाली सोडून वरची सायडर दुसऱ्या बरण्यांत काढली. मर्व्हिनने रबरी नळी धरली होती. पेल्यात ओतली, उजेडात धरली तर सोन्यासारखी. एवढी स्वच्छ क्लिफची कधीच नव्हती, तिथेच मला शंका आली. घोट घेतला.

घशाला धरतच नाही! सरळ खाली. आधी गोडसर, मग जरा कडवट, मग तोंडभर सफरचंद. कानशिलं थंडच्या थंड. डोळ्यांना पाणी नाही. क्लिफच्या सायडरचा याच्यात मागमूस नाही.

मी मर्व्हिनकडे बघितलं. त्याने पेला संपवला, दुसरा भरला. तोही संपवला, तिसरा भरला. भावाच्या आठवणीने त्याचाही जीव कासावीस झाला असणार. मी म्हटलं, "बिघडली ना रे?"

तो म्हणाला, "डॉरिन, तू... तू असंच कर. हिला काही करू नकोस."

"काही करू नको कसं? याच्यात लिंबू पिळते. नाहीतर थोडं व्हिनेगर..."

मर्व्हिन जन्मात माझ्यावर ओरडला नव्हता. आज ओरडला. "बरणीला हात लावशील तर याद राख!" मग स्वतःच ओशाळला, टोपी डोक्यावर उलटीच घातली आणि गेला.

माझ्या हाताला क्लिफचा हात नाही, हेच खरं. सगळं त्याच्यासारखंच केलं होतं. त्याचीच झाडं, त्याचाच ढीग, त्याच्यासारखाच अंगठा लावून बघितलेला. तरी चव आली परक्याची.

बुधवार, २६ डिसेंबर

नाताळ झाला. मर्व्हिनकडे जेवले. बदक जरा कडक होतं, पण त्याने स्वतः केलं होतं म्हणून दोनदा वाढून घेतलं. सायडरची बरणी मीच नेली होती. रिकामी परत आणली.

बेरिलला निरोप पाठवावा का, की दुकानातून आण बाई? मर्व्हिनला विचारलं तर म्हणाला, "आणू दे. मी तिला म्हातारबालाच टांगतो." उगीच माझं मन राखतोय.

जे काय आहे ते घेऊन जाईन. लोकांना फरक कळणारच. क्लिफला समोर ठेवून ते घोट घेतील आणि गप्प होतील, आणि मला मान खाली घालून उभं राहावं लागेल.

गुरुवार, १७ जानेवारी

हात गारठलेत, तरी लिहिते. नाहीतर झोप लागायची नाही.

सगळं रीतीने झालं. दिवे लागायच्या वेळेला मंडळी आली, डबे-पातेली बडवली, गाणी झाली. बेरिलच्या नातीने पाव बुडवून फांदीत खोचला. मर्व्हिनने बार काढले. मी कप भरत गेले. सगळे माझ्याकडे न बघता कप घेत होते. क्लिफच्या वेळीही असंच घ्यायचे, पण तेव्हा जरा पाय रोवून घ्यायचे.

पाद्रीबाबांनी पहिला घोट घेतला. थांबले. कपात डोकावले. पुन्हा घोट घेतला. मग बेरिलने, मग बाकीच्यांनी. एकदम सगळी बाग शांत. मनात म्हटलं, झालं, कळलं यांना.

मग त्यांनी कप रिकामे केले. घशात!

आणि पुन्हा माझ्यापुढे धरले. रांग लागली. पाद्रीबाबा दोनदा रांगेत. खिदळणं काय, एकमेकांच्या गळ्यात पडणं काय. माझ्या बरण्या बघता बघता संपल्या. आणि म्हातारबाला? थेंब नाही! त्याच्या मुळाशी माती कोरडी ठणठणीत. गवत तर तिथे नाहीच, वर्षानुवर्षं उगवत नाही, त्यामुळे स्पष्ट दिसत होतं.

मी म्हटलं, "अरे, झाडाला द्या ना!" तर गॅरेजवाला डेन्झिल, तोंड लालबुंद, माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, "डॉरिनबाई, झाडाने चाळीस वर्षं प्यायली. आता आमची पाळी!" आणि सगळे असे हसले, असे हसले, की बेरिलला खाली बसावं लागलं.

माझ्या कपातलं उरलंसुरलं मी एकटीने मुळाशी ओतलं आणि घरी आले. क्लिफ असता तर कुणाची अशी टाप नव्हती. माणूस गेला की गाव किती लवकर कद्रू होतं.

शुक्रवार, १८ जानेवारी

सकाळी भांडी विसळताना डेन्झिलचं वाक्य पुन्हा कानात आलं. झाडाने चाळीस वर्षं प्यायली. हातातलं पातेलं तसंच राहिलं. ओला एप्रन, पायात घरातल्या चपला, तशीच मर्व्हिनकडे गेले.

"खरं सांग. क्लिफची सायडर कशी होती?"

मर्व्हिन बूट पुसत होता. पुसतच राहिला.

"मर्व्हिन!"

"व्हिनेगर होतं, डॉरिन. उत्तम व्हिनेगर. कांद्यांना तोड नव्हती."

मी खुर्ची ओढून बसले. त्याने चहा पुढे ठेवला, तो मी घेतला नाही. म्हटलं, "अख्ख्या गावाला माहीत? पाद्रीबाबांना?"

"त्यांना तर पहिल्या घोटालाच. डोळ्यांत पाणी आलेलं तूही बघितलंस."

"आणि मला कुणी सांगितलं नाही! चाळीस वर्षं माझ्या नवऱ्याला हसत होतात तुम्ही!"

"हसलो असतो तर दरवर्षी थंडीत कुडकुडत आलो असतो का?" आता तोही चिडला. "न येऊन चाललं असतं की. पण तो कप भरून असा उभा राहायचा, लग्नातल्या नवऱ्यासारखा. कोण सांगणार त्याला? म्हणून झाडाला द्यायचे सगळे. झाड बिचारं बोलत नाही."

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. "त्याला माहीत होतं?"

मर्व्हिनने बूट खाली ठेवला. "मीच सांगितलं होतं. तुमच्या लग्नाला दोनतीन वर्षं झाली असतील. म्हटलं, दादा, बूच काढून बसतोस ना रोज, त्याने हवा लागते आणि आंबट होते. घट्ट लाव आणि विसरून जा. तर म्हणाला, 'विसरून जाऊ? मग संध्याकाळी मी आणि डॉरिन काय ऐकणार?'"

गार झालेला चहा मग मी प्यायले.

रविवार, २० जानेवारी

चर्चला गेले नाही. दोन दिवस त्या सगळ्यांचा राग राग केला, मग क्लिफचा केला. त्याचा जास्त वेळ टिकला नाही.

दुपारी शेडमध्ये जाऊन मातीची बुधली काढली. बूच निघताच वास आला आणि मी आपोआप मागे वळून बघितलं, इतका तो त्याचा वास. चहाच्या कपात ओतली. घोट घेतला.

घशाला धरलं. कानशिलं तापली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

व्हिनेगर आहे. नुसतं व्हिनेगर. आंधळ्याला कळेल. मग मला चाळीस वर्षं कळलं कसं नाही? मी तर दरवर्षी अख्खा कप प्यायची, एक थेंब झाडाला न देता, आणि तो समोर उभा राहून विचारायचा, "कशी झालीय, राणी?" आणि मी म्हणायची, "गेल्या वर्षीपेक्षा सरस." खोटं बोलत नव्हते. देवाशप्पथ मला ती आवडायची. आजसुद्धा आवडली.

उरलेली बुधली घेऊन बागेत गेले. म्हातारबाच्या मुळाशी सगळी ओतली. म्हटलं, घे बाबा, तुझा वाटा. परवा तुला उपाशी ठेवलं त्यांनी. खोडाला टेकून जरा वेळ उभी राहिले. थंडी होती, पण घरी जावंसं वाटेना.

रविवार, २७ जानेवारी

गावाने ठरवलंय की पुढच्या वर्षीही सायडर माझीच. बेरिल केक घेऊन आली होती, हे सांगायला. मी हो म्हटलं. चांगली झाली होती हे मलाही मान्य आहे. नाकाने कांदे कशाला सोलू?

एक बरणी मात्र वॉसेलला नेली नव्हती. शेवटच्या ढिगाची, शेडमधल्या गारठ्यात गप्प बसलेली. काल ती आत आणून शेगडीजवळ ठेवली. आज जेवण झाल्यावर ती दोन खुर्च्यांच्या मधोमध ओढली, वाकडी नळी काढली, बूच उपटलं आणि कान लावला.

तेवढ्यात मर्व्हिन आला. माझी कात्री परत द्यायला, असं म्हणाला. माझी कात्री त्याच्याकडे नव्हतीच. बरणीकडे बघून ओरडला, "अगं, काय करतेस! आंबट होईल ती!"

"होऊ दे," मी म्हटलं. "मला कांदे घालायचेत. आता ओरडू नकोस, ऐकू येत नाही."

तो दारातच उभा राहिला. मग टोपी काढून समोरच्या खुर्चीत बसला, क्लिफच्या, आणि दुसऱ्या बाजूने कान लावला. बराच वेळ काही नाही. मग आत कुठेतरी एक बुडबुडा सुटला.

"काय म्हणाली?" मर्व्हिनने विचारलं.

मी म्हटलं, "तुझं बदक कडक होतं म्हणाली."